बिनपगारी काम कुणासाठी करायचं?

(भिलाई इथे मराठी भाषक पदवीधर मुलामुलींच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचं लिखित रूप.)



आयोजकांनी मला विषय दिला आहे तो असा: जगभर विखुरलेले स्वयंसेवक मिळून एक डेटाबेस कसा तयार करतात आणि त्यांच्या कामाची जुळणी कोण करतं. मी पोस्टग्रेस या डेटाबेसवर नोकरी करतो आणि उरलेल्या वेळात त्याच्या विकासकामात इतरांचे पॅच तपासतो. त्यामुळे हे काम आतून कसं चालतं ते सांगू शकेन. पण त्याआधी तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या मनात असलेला प्रश्न घेतो. 'स्वयंसेवक' हा शब्द ऐकला की आपल्या घरातलं वडीलधारं माणूस विचारतं, "पगार किती?" हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. त्यामागे इतिहास आहे.

१९५५ साली सोव्हिएत युनियनशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या काळात आणि पुढेही भंडारा, गोंदिया, नागपूरकडची आपली माणसं या गावात आली. कशासाठी आली? हजेरी लागते, महिन्याला पगार होतो आणि कामाला वेळेची हद्द असते म्हणून. गावात काय होतं? महारकी होती. सरकारी सांगावा पोचवायचा, मेलेलं जनावर ओढायचं, रात्री-अपरात्री बोलावलं की जायचं. बदल्यात बलुतं, आणि तेही देणाऱ्याच्या मर्जीवर. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं ते याच वेठीविरुद्ध. हलकी मानलेली ही गावकीची वतनं कायद्याने रद्द व्हायला १९५८ साल उजाडावं लागलं.

म्हणून 'फुकट काम करा, अनुभव मिळेल' असं आपल्याला कुणी सांगितलं तर सावध व्हायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. मी स्वतः असं कोणतंही काम तीन प्रश्नांवर तपासतो. काम सोडता येतं का? केलेल्या कामावर नाव कुणाचं लागतं? तयार झालेली वस्तू कुणाची होते? वेठीमध्ये तिन्हींची उत्तरं आपल्या विरुद्ध होती. आता पोस्टग्रेसचं पाहू.

या डेटाबेसची सुरुवात १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या प्रकल्पातून झाली. १९९४ मध्ये अँड्र्यू यू आणि जॉली चेन या दोन विद्यार्थ्यांनी त्यात एसक्यूएल ही भाषा बसवली. १९९६ मध्ये पोस्टग्रेस-क्यूएल हे नाव पडलं आणि काम विद्यापीठाच्या बाहेर, स्वयंसेवकांच्या हाती आलं. तेव्हापासून या डेटाबेसला मालक नाही. परवाना असा की कुणीही वापरावा, बदलावा, विकावासुद्धा. आज बँका, रुग्णालयं, सरकारी खाती तो वापरतात. भारत सरकारनेही २०१५ मध्ये सरकारी कामात मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचं धोरण जाहीर केलं.

आता मालक नाही, साहेब नाही, कुणी कुणाला हुकूम देऊ शकत नाही, तर मग काम पुढे जातं कसं? तुमच्यापैकी ज्यांनी १४ एप्रिलच्या जयंतीची कमिटी चालवली आहे त्यांना हे लवकर कळेल. जयंतीतही कुणी कुणाचा नोकर नसतो. तरी मंडप लागतो, मिरवणूक निघते, भोजनदान होतं. कारण तारीख ठरलेली असते, कामांची यादी भिंतीवर लावलेली असते, पावती पुस्तक सगळ्यांना पाहता येतं आणि एक माणूस दारोदार जाऊन "तुमचं काम कुठवर आलं?" असं विचारत फिरतो. पोस्टग्रेसमध्येही नेमक्या याच चार गोष्टी आहेत.

पहिली, तारीख. दरवर्षी एक मोठी आवृत्ती, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात. एप्रिलमध्ये नवी वैशिष्ट्यं घेणं बंद होतं. त्यानंतर आलेलं काम कितीही चांगलं असलं तरी पुढच्या वर्षी. दुसरी, यादी. वर्षातून पाच वेळा, जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्चमध्ये, एकेक महिना नवं काम थांबवून आलेले पॅच तपासायचे. याला कमिटफेस्ट म्हणतात. पॅच म्हणजे ठिगळ, मूळ कोडला लावायचा बदल. यादीत प्रत्येक पॅचपुढे त्याची अवस्था लिहिलेली असते: तपासणी हवी, लेखकाच्या उत्तराची वाट, कमिट करायला तयार, सूचनांसह परत, नाकारला. तिसरी, उघडा हिशेब. चर्चा जाहीर असते आणि जुन्या चर्चाही कुणालाही वाचता येतात. चौथी, कमिटफेस्टचा व्यवस्थापक. हाही स्वयंसेवकच. त्याच्या हातात कसलीही सत्ता नसते. ज्याचा पॅच अडकला आहे त्याला पत्र लिहायचं, तपासणारा शोधायचा, महिनाभर उत्तर न आलेला पॅच परत पाठवायचा, हे त्याचं काम. त्याला उत्तम कोड लिहिता आलाच पाहिजे असं नाही. न चिडता, न विसरता पाठपुरावा करता आला पाहिजे.

ही पद्धत उगाच आली नाही. २००७ मध्ये ८.३ या आवृत्तीसाठी एप्रिलच्या सुरुवातीला दार बंद केलं गेलं, आणि आवृत्ती बाहेर यायला २००८ चा फेब्रुवारी उजाडला. मोठे पॅच साचले होते, लिहिणारे पुष्कळ आणि तपासणारे मोजके. त्या अनुभवातून २००८ च्या मार्चपासून कमिटफेस्ट सुरू झाले. सोबत एक रिवाज ठरला: तुमचा एक पॅच यादीत टाकलात, तर तेवढ्याच अवघड अशा दुसऱ्याच्या एका पॅचची तपासणी तुम्ही करायची.

या रिवाजावर मी थोडा थांबतो, कारण मला त्यात आपल्या कामाचं काही दिसतं. 'जातिनिर्मूलन' या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी श्रमांची विभागणी आणि श्रमिकांची विभागणी यांत फरक केला. कामं वेगवेगळी असणं ही एक गोष्ट. काम करणाऱ्या माणसांनाच एकमेकांच्या वर-खाली कायमचं बसवणं ही दुसरी. सॉफ्टवेअरच्या जगातही उतरंड आहे. कोड लिहिणारा वर, चाचण्या करणारा खाली, माहितीपुस्तिका लिहिणारा त्याहून खाली. 'जो लिहितो त्याने तपासायचंही' हा रिवाज त्या उतरंडीला थोडा तरी धक्का देतो. तो नेहमी पाळला जातो असं नाही. अलीकडे एकेका फेरीत दोनशे-तीनशे पॅच असतात आणि तपासणाऱ्यांची चणचण कायम आहे. पण नियम लिहिलेला आहे, म्हणून त्याची आठवण करून देता येते.

८.३ च्या त्या आवृत्तीत पवन देवलसी या भारतीय अभियंत्याचं एक मोठं काम होतं. त्याला 'हॉट' म्हणतात. पोस्टग्रेस एखादी नोंद बदलताना जुनी ओळ खोडत नाही, नवी ओळ लिहितो. समजा हजेरी पुस्तकात प्रत्येक दुरुस्तीला नवी ओळ लिहिली, आणि पुस्तकामागच्या सगळ्या सूचींमध्येही प्रत्येक वेळी नवी नोंद केली, तर पुस्तक आणि सूची दोन्ही फुगत जातील. हॉटने असं केलं की सूचीतल्या स्तंभात बदल नसेल आणि त्याच पानावर जागा असेल, तर सूचीला हातच लावायचा नाही. सप्टेंबर २००७ मध्ये टॉम लेन यांनी तो पॅच मुख्य कोडमध्ये घेतला. सतत बदलणाऱ्या नोंदींवर चालणाऱ्या जगभरच्या यंत्रणांना आजही त्याचा फायदा होतो.

दुसरं उदाहरण अमित लांगोटे यांचं. मोठा तक्ता तुकड्यांत विभागण्याची सोय २०१७ च्या १० व्या आवृत्तीत आली, तिचे ते मुख्य लेखक. मुख्य कोडमध्ये स्वतः बदल करण्याचा अधिकार, म्हणजे कमिटरपद, त्यांना २०२३ मध्ये मिळालं. मधली सहा वर्षं मुद्दाम लक्षात ठेवा. एवढं मोठं काम केल्यावरही दार लगेच उघडत नाही.

आता माझे तीन प्रश्न. काम सोडता येतं का? येतं. उद्यापासून नाही आलात तर कुणी जाब विचारत नाही. नाव लागतं का? लागतं. प्रत्येक बदलाच्या नोंदीत लेखकाचं नाव असतं आणि तपासणाऱ्याचंही. ती नोंद कायम राहते, कुणीही उघडून पाहू शकतो. वस्तू कुणाची? इथे उत्तर अर्धंच आपल्या बाजूचं आहे. ती तुमची आहे, माझी आहे, आणि हाच डेटाबेस भाड्याने देऊन पैसा कमावणाऱ्या मोठ्या कंपन्यांचीही आहे. हे डोळे उघडे ठेवून स्वीकारायचं.

आणखी एक गोष्ट उघड बोललं पाहिजे. या प्रकल्पातले 'स्वयंसेवक' म्हणजे संध्याकाळी हौस म्हणून कोड लिहिणारे, असं चित्र खरं नाही. मोठं काम आज बहुतांशी अशा माणसांकडून होतं ज्यांना त्यांची कंपनी याच कामाचा पगार देते. एंटरप्राइझ-डीबीसारख्या कंपनीचं पुण्यातच मोठं केंद्र आहे. म्हणजे फुरसत ही मेरिट नसते. ज्याच्या घरी भाडं, धाकट्या बहिणीची फी आणि आईचं औषध एकाच पगारातून जातं, त्याच्याकडे रविवारचे आठ तास नसतात. ज्याच्याकडे ते आहेत तो पुढे गेला की त्याला आपण गुणवान म्हणतो. गुण असतात, पण त्याखाली मोकळा वेळही असतो, आणि तो वेळ जातीच्या हिशेबानेच वाटला गेला आहे.

'तिथे फक्त कोड बघतात, जात बघत नाहीत' असं तुम्हाला सांगितलं जाईल. परदेशातल्या माणसाला तुमचं आडनाव काही सांगत नाही, हे खरं. आपल्याकडच्या माणसाला सांगतं. भारतीय माणूस परदेशी गेला की जात इथेच ठेवून जात नाही. म्हणून तर अमेरिकेतल्या सिएटल शहराला फेब्रुवारी २०२३ मध्ये जातीभेदावर बंदी घालणारा कायदा करावा लागला. शिवाय कमिटरपद निवडणुकीने मिळत नाही, आमंत्रणाने मिळतं. सर्वांत वरच्या गाभा समितीत सात जण आहेत, आणि नवे सदस्य तीच समिती निवडते. आमंत्रणाच्या व्यवस्थेत ओळखीच्या माणसाकडे आधी लक्ष जातं, हे आपल्याला सांगायला नको.

पण याच समितीचा एक नियम मला फार महत्त्वाचा वाटतो. कोणत्याही एका कंपनीची माणसं समितीत निम्म्याहून जास्त असू नयेत. २०२० मध्ये एका मोठ्या कंपनीने दुसरी विकत घेतली आणि हा तोल बिघडला. तेव्हा समितीने त्याच वर्षी दुसऱ्या कंपन्यांतले दोन सदस्य वाढवून तो सावरला. तिथे कुणी म्हटलं नाही की 'सगळे गुणवान आहेत, मग कंपनी कशाला मोजता?' सत्ता एका घरात साचू नये म्हणून घरं मोजावी लागतात, हे जगातल्या नामांकित अभियंत्यांनी मान्य केलं. आपल्याकडे प्रतिनिधित्वाची मागणी केली की मेरिटचं काय, असं विचारणाऱ्यांना हे उदाहरण जरूर सांगा.

आणि स्वयंसेवा आपल्याला कुणी परदेशातून शिकवायला नको. या कारखान्याला लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली राजहरामध्ये १९७७ च्या जूनमध्ये ठेकेदारी मजुरांवर गोळीबार झाला, अकरा कामगार गेले. त्यांच्या संघटनेच्या उपाध्यक्ष कुसुमबाई बाळंतपणात उपचाराविना गेल्या. शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखालच्या त्या मजुरांनी स्वतःच्या पैशाने आणि स्वतःच्या श्रमाने दवाखाना उभा केला. ३ जून १९८३ ला सुरू झालेलं ते शहीद रुग्णालय. तिथेही पगार मिळाला नाही. पण काम स्वतःहून घेतलेलं होतं, आणि दवाखाना त्यांचा झाला. माझ्या तीन प्रश्नांचं याहून चांगलं उत्तर मला माहीत नाही.

आता शेवटी, ज्यांना यायचं आहे त्यांच्यासाठी कामाचं बोलतो.

आधी घर सांभाळा. नोकरी नसेल तर नोकरी पहिली, हे दुसरं. पैसे मिळण्याचे मार्ग आहेत ते आधी बघा. 'गूगल समर ऑफ कोड' मध्ये मानधन मिळतं, पोस्टग्रेस त्यात अनेक वर्षं भाग घेत आला आहे, आणि २०२२ पासून विद्यार्थी नसलेल्या नवशिक्यांनाही अर्ज करता येतो. 'आउटरीची' हा कार्यक्रम तर तंत्रज्ञानात ज्यांना डावललं गेलं त्यांच्यासाठीच आहे. अर्जात तुम्हाला भोगाव्या लागलेल्या भेदभावाबद्दल विचारतात. तिथे जातीबद्दल स्पष्ट लिहा, संकोचू नका.

सुरुवात स्वतःच्या पॅचने करू नका, दुसऱ्याच्या पॅचच्या तपासणीने करा. साध्या लॅपटॉपवर लिनक्स टाका, कोड उतरवून घ्या, तो बांधा, 'मेक चेक' चालवा. मग यादीतला लहानसा पॅच निवडा. तो आजच्या कोडवर बसतो का, चाचण्या पास होतात का, माहितीपुस्तिकेत त्याची नोंद आहे का, एवढंच पाहून चार ओळी लिहा. इंग्रजी साधी चालते. लांबलचक वाक्यांपेक्षा "हे केलं, हे दिसलं, हे अपेक्षित होतं" असं लिहिलेलं तिथे जास्त आवडतं. अशा चार ओळींनीही तुमचं नाव नोंदीत येऊ शकतं.

पॅच परत आला तर तो पॅच परत आला आहे, तुम्ही नाही. आपल्या घरातल्या पहिल्या पदवीधराला प्रत्येक नकार खानदानाचा निकाल वाटतो. तिथे वीस-वीस वर्षांच्या अनुभवी माणसांचेही पॅच परत जातात आणि ते पुढच्या फेरीत पुन्हा येतात.

आणि एकटे जाऊ नका. चार-पाच जणांचा गट करा. महिन्यातून एक रविवार, एक पॅच, सगळे मिळून. जो एक पायरी चढेल त्याने खालच्या पायरीवरच्याचं काम तपासून द्यायचं. जयंतीच्या कमिटीतून आपण तारीख पाळायला, हिशेब उघडा ठेवायला आणि रुसलेल्याला समजावून परत आणायला शिकलो आहोत. जगातला एक उत्तम डेटाबेस याच तीन गोष्टींवर चालतो.

यादी उघडी आहे. पुढची फेरी कधी आहे ते आज घरी गेल्यावर बघा.

जय भीम, जय भारत.