खोली घेण्याआधी किनारा ओळखा

 

आपल्या किनारपट्टीवरच्या बऱ्याच गटांमधल्या बायकांनी आता घरातली एखाद-दुसरी खोली पाहुण्यांसाठी काढली आहे. कुणी पडवी बांधून घेतली, कुणी माडीवर न्हाणीघर केलं. गटाच्या बैठकांमध्ये आम्हांला एक प्रश्न नेहमी विचारला जातो, "ताई, पाहुणा आमच्या दारावरून पुढे का जातो? तो राहायची जागा ठरवतो तरी कशी?" याचं उत्तर हवं असेल तर थोडा वेळ पाहुण्याच्या जागी जाऊन बसायला हवं. म्हणून आज आम्ही तुम्हांला एका लांबच्या गावाला नेणार आहोत. वाचून आणि नकाशे समोर पसरून आम्ही त्याची माहिती जमवली आहे.

गावाचं नाव प्वेर्तो एस्कोन्दिदो. मेक्सिको देशात, ओआहाका नावाच्या राज्यात, पॅसिफिक महासागराच्या काठावर ते वसलं आहे. आपल्या वेंगुर्ल्यावरून नकाशावर एक आडवी रेघ ओढा आणि ती पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूपर्यंत न्या. ती जवळजवळ या गावावरूनच जाते. त्यामुळे हवा आपल्यासारखीच दमट, माड, आंबे, पपया, आणि पावसाळ्यात धो धो पाऊस. नावाचा अर्थ ‘लपलेलं बंदर’. दंतकथा अशी सांगतात की समुद्री चाच्यांनी पळवलेली एक बाई त्यांच्या जहाजावरून निसटली आणि इथल्या रानात लपून राहिली, तिच्यावरून हे नाव पडलं. पूर्वी डोंगरातली कॉफी इथून बोटीत चढायची. मग किनाऱ्याने मोठा रस्ता आला आणि १९६० च्या दशकापासून लाटांवर खेळणारे लोक येऊ लागले. लांब फळीवर उभं राहून, तोल सांभाळत लाटेबरोबर किनाऱ्याकडे यायचं, त्या खेळाला सर्फिंग म्हणतात. आज जगभरातले लोक त्यासाठी इथे येतात. गाव तसं निवांत. दुपारी झोपाळ्यात पडायचं, संध्याकाळी वाळूत बसायचं, घाई कशाचीच नाही.

आता समजा, आपल्यातली कुणाची मुलगी नोकरीनिमित्त परदेशात आहे आणि चार मैत्रिणींबरोबर तिकडे निघाली आहे. तिने राहायची जागा कशी ठरवावी?

पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा, आपण तिथे कशासाठी चाललो आहोत? या एका गावाला अनेक किनारे आहेत आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा आहे. घरात चार सुना असल्या तर चौघींच्या चार तऱ्हा असतात, तसंच.

सगळ्यांत नावाजलेला किनारा झिकातेला. तीनेक किलोमीटर लांब, सरळ, सोनेरी वाळूचा. इथली लाट किनाऱ्याच्या अगदी जवळ, उथळ पाण्यात, वाळूवर आपटून फुटते. तिचा आकार पोकळ नळीसारखा होतो म्हणून तिला ‘मेक्सिकोची पाइपलाइन’ म्हणतात. तिच्यावर स्वार होणं कसलेल्यांचंच काम. पाण्याची ओढही मोठी आहे, चांगल्या पोहणाऱ्यालाही आत खेचून नेते. किनाऱ्यावर जीवरक्षक असतात, पण हे पाणी सहज डुंबायचं नाही. झिकातेलावर खोली घेणाऱ्याने लाटा बघाव्यात, सूर्यास्त बघावा, पाण्यात मात्र दुसरीकडे जावं. खिडकीतून समुद्र दिसतो म्हणजे त्यात उतरता येतं असं नाही, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

याच झिकातेलाच्या दक्षिण टोकाला ला पुन्ता आहे. खडकाच्या टोकाला वळसा घालून येणारी लाट इथे सौम्य होते, म्हणून शिकाऊ लोक इथे शिकतात. वस्ती तरुणांची, रस्ते बरेचसे मातीचे, माडाच्या झावळ्यांनी शाकारलेल्या खोल्या, एका दालनात सहा-आठ खाटा टाकलेली स्वस्त वसतिगृहं. पण रात्री गाणी उशिरापर्यंत चालतात. ज्याला रात्र जागवायची त्याने इथे राहावं. ज्याला लहान मूल निजवायचं आहे त्याने इथली खोली घेताना दोनदा विचार करावा.

तिसरा कार्रिसालियो. डोंगरकड्याच्या कुशीतली छोटी खाडी, पाणी बहुतेक वेळा शांत, पोहायला आणि पहिल्यांदा फळीवर उभं राहायला बरी. मात्र खाली उतरायला दीडशेच्या वर पायऱ्या आहेत, आणि उतरलेल्या सगळ्या परत चढायच्याही असतात. गुडघे दुखणाऱ्या आईला बरोबर नेणारीने हे आधी विचारलेलं बरं. वरच्या बाजूला रिंकोनादा नावाची वस्ती आहे, तिथे खाण्याची चांगली ठिकाणं आहेत आणि विमानतळही जवळ. भाडं अर्थातच चढं.

मग गावचा मुख्य किनारा. इथे मासेमारीच्या होड्या लागतात, सकाळी मासळी उतरते. पाणी त्यातल्या त्यात शांत. आणि चढावर, मोठ्या रस्त्याच्या वरच्या अंगाला खरं गाव आहे. तिथे बेनितो हुआरेस नावाचा बाजार भरतो, भाजी, फळं, मासे, आणि घरगुती चवीच्या खाणावळी. इथल्या छोट्या घरगुती लॉजला ‘पोसादा’ म्हणतात. समुद्र चालत थोडा लांब, पण खोली स्वस्त, जेवण स्वस्त, आणि शेजारी सगळे गावकरी. जवळपास जायला भागीदारीतल्या गाड्या मिळतात, आपल्या वडापसारख्या.

दुसरा प्रश्न, कधी जायचं? मोठ्या लाटा साधारण मे ते सप्टेंबर येतात. तेव्हा पृथ्वीच्या दक्षिण भागात हिवाळा असतो, तिथल्या वादळांनी उठलेल्या लाटा हजारो किलोमीटर चालत इथे पोचतात. पावसाळाही त्याच सुमाराला. २०२२ च्या मे अखेरीस अगाथा नावाचं चक्रीवादळ याच किनाऱ्यावर, शेजारच्या प्वेर्तो आंहेलजवळ धडकलं होतं. नोव्हेंबर ते एप्रिल कोरडे दिवस, लाटा लहान, आणि नाताळ-ईस्टरला खच्चून गर्दी. शिकाऊ माणसाने कोरडे दिवस निवडावेत. निवांतपणा हवा असेल त्याने नाताळ आणि ईस्टर सोडून जावं.

तिसरा प्रश्न खोलीचा. इथे आपल्या मुलीने चार गोष्टी पैसे देण्याआधी विचारून घ्याव्यात. खोलीत नुसता पंखा आहे की एसी, आणि एसीचे पैसे वेगळे का? मच्छरदाणी किंवा जाळी आहे का? तिथे नळाचं पाणी पीत नाहीत, वीस लिटरचे जार आणतात, तर पिण्याचं पाणी भाड्यात धरलं आहे का? आणि रात्री परत येताना रस्त्यावर दिवे आहेत का, दाराला आतून नीट कडी आहे का, मालक किंवा मालकीण रात्री तिथेच राहतात का? फोटोत निळा समुद्र दिसतो, कडी दिसत नाही. बाईमाणसाने ती विचारून घ्यायला लाजू नये. शहाणी मुलगी आधी दोनच रात्रींचे पैसे भरते, जागा पटली तर पुढचे दिवस वाढवते.

आता चौथा प्रश्न. तो फारसे पाहुणे विचारत नाहीत, पण आम्हांला तोच सगळ्यांत मोठा वाटतो. आपण दिलेलं भाडं कुणाच्या हातात जातं?

पूर्वी ओआहाका शहरातून या गावी यायला डोंगरातल्या वळणांच्या रस्त्याने सहा-सात तास लागत. फेब्रुवारी २०२४ मध्ये नवा महामार्ग सुरू झाला, आता तीन तासांच्या आत पोचता येतं. गावाला त्याचा फायदा झाला, दवाखाना जवळ आला, माल लवकर पोचू लागला. पण गर्दी वाढली, जमिनीचे भाव चढले, खोल्यांची भाडी चढली. महिनाभर घर भाड्याने देण्यापेक्षा रोजच्या पाहुण्याला देण्यात जास्त पैसा, म्हणून हॉटेलात चादरी बदलणाऱ्या, स्वयंपाक करणाऱ्या बाईलाच जवळपास घर परवडेना. ती समुद्रापासून लांब सरकत जाते. पाण्याची ओढाताण आणि सांडपाण्याचा प्रश्न वाढला तो वेगळाच.

तिथला कायदा काही बाबतींत जागा आहे. मेक्सिकोत समुद्रकिनारा कुणाच्याही खासगी मालकीचा होत नाही, तो सगळ्यांसाठी खुला. आणि किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत परदेशी माणसाला थेट जमीन घेता येत नाही, असं त्यांच्या राज्यघटनेच्या २७ व्या कलमात आहे. तरी बँकेच्या ट्रस्टमार्फत परदेशी माणसाला ती जमीन वापरता येते. म्हणजे कायदा असूनही विकणारा हात आवरला नाही तर गाव हळूहळू निसटतं.

म्हणून विचारी पाहुणा जमेल तिथे घरच्या माणसांनी चालवलेली पोसादा निवडतो, बाजारातल्या खाणावळीत जेवतो, गावच्याच शिकवणाऱ्याकडून फळीवर उभं राहायला शिकतो. त्याचे पैसे गावात फिरतात. आणि त्याला बदल्यात मिळते ती खरी माहिती. आज कुठल्या पाण्यात उतरू नये, हे मालकीण सांगते. त्या एका वाक्याने जीव वाचू शकतो.

आता आपल्या अंगणात येऊ या. या गावाजवळच्या बाकोचो किनाऱ्यावर संध्याकाळी पाहुण्यांच्या देखत कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात. त्यांतली ऑलिव्ह रिडले कासवं आपल्या कोकणातही येतात. मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावात ती पिल्लं बघायला लोक येतात आणि गावकऱ्यांच्याच घरी उतरतात, त्यांच्याच हातचं जेवतात. गावाने कासवं राखली, कासवांनी गावाला पाहुणे दिले. म्हणजे हे आपल्याला जमणारं काम आहे, जमलेलंही आहे.

तर ज्यांच्याकडे खोल्या आहेत त्या गटांसाठी आमच्या तीन सूचना आहेत.

एक, खरं सांगा. आपल्या किनाऱ्यावर पाहुणे बुडाल्याच्या बातम्या येतात, त्यांतल्या कितीजणांना ओढीची कल्पना कुणी दिली होती? दाराशी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा, पाण्यात कुठे उतरायचं, कुठे नाही, भरती-ओहोटीची वेळ काय, दारू पिऊन पाण्यात जायचं नाही. घरापासून किनारा वीस मिनिटांवर असेल तर वीसच सांगा. पाच सांगून आणलेला पाहुणा पुन्हा येत नाही, आणि दुसऱ्यालाही येऊ देत नाही.

दोन, आपलं घर कोणत्या पाहुण्यासाठी आहे ते ठरवा. ला पुन्ता सगळ्यांसाठी नाही, तसं आपलं घरही नसेल. शांत असेल तर म्हाताऱ्या माणसांना, लेकुरवाळ्यांना बोलवा. एकट्या बाईला राहायला निर्धास्त असेल तर तसं आवर्जून सांगा, कारण अशा जागा बायका शोधत असतात. दिवे, कडी, स्वच्छ न्हाणीघर आणि घरात बाईमाणूस हे आपलं भांडवल आहे. शासनाचं महिलांसाठीचं ‘आई’ पर्यटन धोरण २०२३ मध्ये आलं, पर्यटन खात्याची निवास-न्याहारी योजनाही आहे. नोंदणीची चौकशी गटाने मिळून करा.

तीन, जमिनीचा कागद एकटीने सही करू नका. शहरातला कुणी येईल, किनाऱ्यालगतच्या तुकड्याला एकरकमी पैसे दाखवेल. रक्कम मोठी दिसते. पण ती संपल्यावर आपली मुलं आपल्याच जागेवरच्या हॉटेलात चादरी बदलणार का, हे आधी घरात बोला. सातबारावर कुणाकुणाची नावं आहेत ते बघा, तुमचं आहे का तेही बघा. कागद गटात वाचून घ्या. अगदी गरज असेल तर विकण्याऐवजी ठरावीक मुदतीच्या भाडेकराराचा विचार होतो का, ते जाणकाराला विचारा.

पुढच्या बैठकीला एक काम करा. कोऱ्या कागदावर आपल्या गावाचा नकाशा काढा. धोक्याचं पाणी लाल रंगाने, सुरक्षित पाणी हिरव्याने दाखवा, दवाखाना, एसटीचा थांबा, रात्री दिवा असलेला रस्ता, आणि पाहुणे ठेवणारी घरं मांडा. होडीवर जाणाऱ्या जाणत्या माणसांना विचारून तो तपासा आणि प्रत्येक घरात त्याची एक प्रत लावा. खर्च फार तर एका रंगाच्या पेटीचा.

भेटू पुढच्या भागात. तुमचे नकाशे रेडिओ केंद्रावर जरूर पाठवा. नमस्कार.