स्वागताध्यक्षीय भाषण : मुलांच्या कामाचा वार्षिक निधी

न्यायालयात मुलांच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या स्वयंसेवी संस्थेला दरवर्षी नव्याने पैसा उभारावा लागतो. इमारतीला देणगीदार मिळतो. तारखेला येणाऱ्या मुलीच्या आणि तिच्यासोबतच्या कार्यकर्तीच्या एसटी भाड्याला सहसा मिळत नाही. २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्याप्रमाणे खटला शक्यतो एका वर्षात संपायला हवा. तो लांबला, तरी कार्यकर्तीला मध्येच साथ सोडता येत नाही. याच प्रश्नाच्या विचारासाठी पंढरपुरात आलेल्या सर्व प्रतिनिधींचे स्वागत समितीतर्फे मनःपूर्वक स्वागत!

चंद्रभागेचे वाळवंट आणि नामदेवाची पायरी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत. विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींनी याच गावात उपोषण केले, हेही सर्वश्रुत आहे. लालशंकर उमियाशंकर त्रवाडी हे नाव मात्र गावातही फारसे निघत नाही. हे गुजराती गृहस्थ येथे न्यायाधीश होते. यात्रेच्या निमित्ताने आणलेल्या विधवा येथे गुपचूप बाळंत होत आणि तान्ही मुले टाकली किंवा मारली जात. पुण्यात फुले दांपत्याने १८६३ साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. लालशंकरांनी १८७५ साली पंढरपुरात तसेच गृह उभे केले. प्रार्थना समाजाने ते सांभाळले. वासुदेव बाबाजी नवरंगे बालकाश्रम तो हाच. पुढे १८९२ मध्ये लालशंकरांनी अहमदाबादेतही महिपतराम रूपराम अनाथाश्रम स्थापन केला. परप्रांतातून नोकरीसाठी आलेल्या माणसाने या गावाच्या टाकलेल्या मुलांना आपले मानले. पंढरपूरने हे ऋण अभिमानाने सांगावे, इतके ते मोठे आहे.

निधीबाबत पंढरीची वाट एक गोष्ट शिकवते. दिंडीचा खर्च भिशीवर चालतो: प्रत्येक वारकरी आपला वाटा भरतो. एखाद्या मुक्कामाची पंगत एखादे घराणे पिढ्यान् पिढ्या देते, म्हणून विणेकऱ्याला दरसाल नव्या दारी जावे लागत नाही. बालहक्काच्या संस्थेलाही असे ठरलेले दाते हवेत. एकाने वर्षभराचा प्रवास उचलावा, दुसऱ्याने समुपदेशकाचे मानधन. कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी जरूर घ्यावा, पण तो बहुधा प्रकल्पापुरता असतो. देणगीची पावती व करसवलतीचे प्रमाणपत्र वेळेवर पोहोचले, तर दाता पुढच्या वर्षीही टिकतो.

व्यवस्थेत उणिवा आहेत. निवास निरनिराळ्या धर्मशाळांत विभागला आहे, काही खोल्या वरच्या मजल्यांवर आहेत आणि गरम पाणी सकाळी ठरावीक वेळीच मिळेल. वयस्कर प्रतिनिधींनी कार्यालयात सांगितल्यास खालची खोली देण्यात येईल. या गैरसोयींबद्दल समिती क्षमा मागते. जागा देणारे मठ व धर्मशाळा, धान्य आणि दूध पुरवणारे व्यापारी व शेतकरी, मंडप, पाणी, ध्वनिक्षेपक सांभाळणारे तरुण, स्वयंपाकघरातील भगिनी आणि नाव न सांगता पाकीट ठेवून गेलेले देणगीदार या सर्वांचे समिती आभार मानते. जमाखर्च समारोपापूर्वी सभागृहात वाचून दाखवला जाईल.