गाऱ्हाण्याची नवी वाट
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



सातारा व सांगली हे आज दोन निरनिराळे जिल्हे असले, तरी १९४२ साली वाळवा, तासगाव हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारचा निरोप त्या काळी माणसाच्या पायाने गावोगाव जात असे. निरोप्या ओळखीचा, म्हणून निरोपावर विश्वास. आज इंटरनेटच्या योगाने तोच निरोप जतेपासून महाबळेश्वरापर्यंत क्षणार्धात पोहोचतो. मात्र तो मुळात कोणी धाडला, हे घेणाऱ्यास पुष्कळदा ठाऊक नसते.

या साधनाचे बळ आपल्या भागाने २०१६ साली पाहिले. कोपर्डीच्या अमानुष घटनेनंतर मराठा क्रांती मोर्चे निघाले. २७ सप्टेंबरला सांगलीस आणि ३ ऑक्टोबरला साताऱ्यास लाखोंचा समुदाय लोटला. घोषणा देऊ नयेत, पुढाऱ्यांनी मागे राहावे, निवेदन मुलींनी द्यावे, वाटेवरील कचरा उचलावा, अशा सूचना व्हॉट्सॲप व फेसबुकवरून घरोघर गेल्या होत्या. त्या मागण्यांविषयी कोणाचे मत काहीही असो, ती शिस्त सर्वांनी वाखाणली. परंतु केवळ फोनने माणसे आली, असे म्हणणे बरोबर नव्हे. गावोगाव बैठका झाल्या होत्या, आणि अखेरीस जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती पडले ते कागदावरचे निवेदनच.

याच साधनाचे दुसरे रूपही आपणांस विसरता येणार नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भिक्षेसाठी फिरणाऱ्या भटक्या जमातीच्या पाच निरपराध माणसांस जमावाने ठार केले. सप्टेंबर २०२३ मध्ये खटाव तालुक्यातील पुसेसावळी येथे समाजमाध्यमांवरील मजकुरावरून दंगल उसळली, एक तरुण प्राणास मुकला, आणि जिल्ह्यातील इंटरनेट बंद करावे लागले. हे आपल्या घराजवळ घडले.

आता थोडे आपल्याच घरचे. मुलांच्या जात प्रमाणपत्रांस विलंब होतो, अशी तक्रार आमच्या गटावर आली तेव्हा जोडलेल्या हातांची व वळलेल्या मुठींची चित्रे इतकी जमली, की मूळ तक्रार शोधून काढावी लागली. (सकाळच्या फुलांच्या चित्रांविषयी आम्ही बोलत नाही, तो विषय घरोघरी निराळा मिटवावा.) आम्ही एकच प्रश्न विचारला : अर्ज कोणत्या तारखेस दिला? उत्तर कोणाकडेच नव्हते. पोचपावती जपून ठेवलेले तर त्याहून कमी.

वास्तविक २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क झाला आहे. ‘आपले सरकार’ या संकेतस्थळावर घरबसल्या अर्ज करता येतो, त्यास क्रमांक मिळतो, आणि मुदत टळल्यास अपील करता येते. दुसरे हत्यार २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचे. शुल्क दहा रुपये. उत्तराची मुदत सर्वसाधारणपणे तीस दिवस. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा व दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. ही मर्यादा आम्हांस जाचक वाटत नाही, कारण आपले दुःख दीडशे शब्दांत मांडू लागले की त्यातील प्रश्न कोणता, हे आपले आपल्यालाच कळते. "आमच्यावर अन्याय का होतो?" यास अधिकारी उत्तर देत नाही, "अमुक क्रमांकाच्या अर्जावर कोणत्या तारखेस कोणती कार्यवाही झाली?" यास त्यास उत्तर द्यावेच लागते.

एकाच कार्यालयाकडे अडकलेले वीस अर्ज, क्रमांक व तारखांसह, एका निवेदनात मांडले, तर ते आमदारांसमोर आणि जिल्हाधिकाऱ्यांसमोर ठेवता येते. गटाचा उपयोग आम्हांस येथे दिसतो. साताऱ्याच्या कुटुंबास सांगलीच्या कुटुंबाचा अनुभव कळावा, कोणता कागद मागितला गेला व कोणता विनाकारण, हे पडताळून पाहता यावे. तसेच दुसऱ्या समाजाविषयीचा कोणताही मजकूर गटावर पुढे धाडू नये, असा ठराव कार्यकारिणीने केला आहे. तो काही तरुणांस रुचला नाही, हे आम्ही जाणतो.

येत्या महिन्यापासून दर रविवारी सकाळी मंडळाच्या कार्यालयात संगणक जाणणारी आपली मुले-मुली अर्ज भरून देण्यासाठी बसतील. ज्यांचे अर्ज अडले आहेत त्यांनी यावे. येताना पोचपावती आणावी; नसेल, तर निदान अर्जाची तारीख आठवून यावे.