होडीत बसण्याआधी : पाणी किती खोल?

 

आज बोलायचंय ते बुडालेल्या होड्यांबद्दल. बुडालेलं जहाज किती खोल जातं? जिथं तळ असेल तिथपर्यंत. टायटॅनिक १९१२ साली बुडालं. ते अटलांटिक महासागरात जवळजवळ पावणेचार किलोमीटर खोल पडलंय आणि सापडायला १९८५ साल उजाडलं. दुसऱ्या महायुद्धात फिलिपिन्सजवळ बुडालेली एक अमेरिकन युद्धनौका २०२२ मध्ये सापडली, ती जवळजवळ सात किलोमीटर खोल. तळ्यातसुद्धा जहाजं बुडतात. अमेरिकेच्या सुपिरियर सरोवरात १९७५ साली एक मोठं मालवाहू जहाज वादळात बुडालं. ते सुमारे ५३० फुटांवर आहे. त्यावरची २९ माणसं गेली.

हे आकडे ऐकून वाटतं, आपल्याला काय त्याचं? आपली तर उजनी. पण उजनीचंच सांगतो.

२१ मे २०२४. करमाळा तालुक्यातल्या कुगावहून आपल्या इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे होडी निघाली होती. संध्याकाळी वादळी वारं सुटलं आणि होडी उलटली. सात जणांपैकी एक जण पोहत काठाला लागला. सहा जण गेले, त्यात दोन लहान लेकरं. एनडीआरएफच्या जवानांनी शोध घेतला, तेव्हा होडी सापडली सुमारे पस्तीस फुटांवर. आपल्या विहिरीच्या मापानं पाच-सहा परस.

आता नीट ऐका. तो मे महिना होता. धरण ‘मायनस’मध्ये होतं. आपण म्हणतो, उजनी आटली. पण मायनस म्हणजे रिकामं नव्हे. उजनीत पूर्ण भरल्यावर सुमारे ११७ टीएमसी पाणी असतं. त्यातलं सुमारे ६३ टीएमसी मृतसाठ्याचं. शून्य टक्के म्हणजे हे ६३ टीएमसी अजून शिल्लक आहे. त्या उन्हाळ्यात मायनस पन्नासच्याही खाली गेलो, तरी तीस टीएमसीहून जास्त पाणी धरणात होतं. आणि ते साठतं कुठं? सगळ्यात खोल जागी, म्हणजे भीमेच्या जुन्या पात्रात. काठाला भेगाळलेली जमीन दिसते, पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं, म्हणून मधलं पाणीही उथळ असेल असं धरू नका. वरून पाणी सगळीकडं सारखंच दिसतं. खाली जुनी नदी आहे, ओढे आहेत.

पस्तीस फुटांवर काय होतं? पाण्याचा दाब दर तेहतीस फुटांना हवेच्या एका दाबाएवढा वाढतो. तिथं छातीतली हवा दबून निम्मी होते. माणूस जितका खाली जातो, तितका वर येणं अवघड. म्हणून खाली जाऊच नये, हाच उपाय. माणूस बुडायला सात किलोमीटर लागत नाहीत. डोक्यावर हातभर पाणी पुरतं.

आपल्या महाराष्ट्रानं हे आधीही सोसलंय. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. मुंबई बंदराच्या तोंडाशी समुद्र काही टायटॅनिकएवढा खोल नाही. बोटीवर बिनतारी संदेशाची सोय नव्हती, त्यामुळे मुंबईला बातमी कळायलाही उशीर झाला.

मग होडीत बसायचंच नाही का? असं आम्ही म्हणणार नाही. पलीकडं लेक दिलेली असते, लग्नकार्य असतं, मजुरीचं काम असतं. रस्त्यानं गेलं तर मोठा वळसा पडतो. पण काही गोष्टी आपल्या हातात आहेत.

होडीत बसण्याआधी लाइफ जॅकेट मागा. माणसागणिक एक, आणि लेकरांना त्यांच्या मापाचं. जॅकेट बुडाखाली घेऊन बसायचं नाही, अंगात घालून बंद आवळायचे. पदर खोचून घ्या, ओली साडी पायात अडकते. मधे खाली बसा, एका बाजूला सगळ्यांनी सरकू नका. वारं सुटलं असेल, आभाळ भरून आलं असेल, तर काठावरच थांबा. पाहुणे वाट बघतील, लग्न थोडं उशिरा लागेल. होडी उलटलीच, तर काठ जवळ दिसला तरी होडी सोडू नका. ती तरंगते आहे तोवर तिलाच धरून राहा.

नावाड्याला वाईट वाटेल म्हणून बायका गप्प बसतात. नावाडी आपलाच माणूस आहे, त्याचंही घरदार आहे. जॅकेट त्याच्याही जिवासाठीच आहे.

काठच्या गावांतल्या गटांना आमची विनंती. येत्या बैठकीत हा विषय घ्या. धक्क्यावर किती जॅकेट आहेत, लहान मुलांची आहेत का, होडीत किती माणसं बसायची ते लिहिलंय का, हे चौघींनी जाऊन बघा. नसेल तर ग्रामसभेत ठराव मांडा आणि त्याची नोंद झाली का ते वाचून घ्या. एकटीनं मागितलं तर हसतील; तीस जणी मागतील तेव्हा कुणी हसणार नाही. ठराव होईपर्यंत ग्रामसंघानं चार जॅकेट घेऊन धक्क्यावर ठेवली, तरी उद्याची खेप सुखरूप पार पडेल.

पुढच्या खेपेला भेटू. नमस्कार.