सामाईक भिंतीचे मोल

(घरबांधणी आणि ऊर्जाबचत या विषयावरील भाषणाचे शब्दांकन)



घराचे मोल आपण तीन गोष्टींवरून ठरवतो : जागा कोठे, क्षेत्रफळ किती आणि भाव काय. त्या घरात राहण्यासाठी दरवर्षी किती इंधन जाळावे लागेल, हा चौथा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. इंग्लंडमधील एका साध्या घराच्या निमित्ताने आज तोच विचारावयाचा आहे.

तिकडे ज्याला ‘टेरेस्ड हाऊस’ म्हणतात, ते आपले रो हाऊस. गच्चीशी त्याचा संबंध नाही. औद्योगिक क्रांतीच्या काळात कामगारांसाठी अशा घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. १९७२ साली इदी अमीनने आशियाई लोकांना युगांडातून हाकलले, तेव्हा लेस्टर शहरात आलेल्या अनेक हिंदू कुटुंबांनी बेलग्रेव्ह भागात अशाच घरांत पुन्हा संसार उभा केला. त्या भागातील दिवाळी आज सर्वत्र प्रसिद्ध आहे.

या घराचे सामर्थ्य त्याच्या सामाईक भिंतींत आहे. समजा, घर ५ मीटर रुंद, ८ मीटर खोल आणि ५ मीटर उंच आहे. ते एकटे उभे असेल, तर १३० चौरस मीटर भिंत थंडीला सामोरी जाते. तेच रांगेच्या मध्ये असेल, तर फक्त ५०. उरलेल्या ८० चौरस मीटरपलीकडे शेजाऱ्याचे उबदार घर असते. एका पैचाही खर्च न करता मिळालेली ही बचत आहे.

मग उणीव कोठे आहे? जुन्या घरांच्या दर्शनी व मागील भिंती नऊ इंची, भरीव विटांच्या. मधली पोकळी नाही. छपरातूनही उष्णता निसटते. त्यावर उपाय आहेत, पण क्रम महत्त्वाचा. आधी माळ्यावर सुमारे २७० मिलिमीटर जाडीचा उष्णतारोधक थर, मग फटी बुजवणे आणि भिंती शेवटी. चुन्यात बांधलेली भिंत ओल बाहेर टाकत असते. ती अविचाराने बंद केली, तर ओल आतच साठते आणि बुरशी धरते.

येथे न्यायाचाही प्रश्न आहे. सुधारणेचा खर्च घरमालकाने करावयाचा आणि इंधनाचे बिल भाडेकरूने भरावयाचे, मग मालक हात कशाला घालील? म्हणून इंग्लंड-वेल्समध्ये २००७ पासून टप्प्याटप्प्याने घरांना ‘ए’ ते ‘जी’ अशी ऊर्जाश्रेणी देणे सुरू झाले. २०१८ पासून नव्या आणि २०२० पासून चालू भाडेकरारांनाही, काही अपवाद वगळता, किमान ‘ई’ श्रेणी सक्तीची झाली. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर वायूचे दर भडकले आणि सरकारला दरांवर मर्यादा घालावी लागली, तेव्हा या श्रेणीचा अर्थ सामान्य माणसालाही कळला.

आपल्याकडे शत्रू थंडी नसून ऊन आहे आणि ते प्रामुख्याने छपरावर कोसळते. २०१८ च्या ‘इको निवास संहिते’ने निवासी इमारतींच्या छपरातून आत येणाऱ्या उष्णतेला मर्यादा घालून दिली आहे. पण संहिता कागदावर राहून चालणार नाही. नाशिक-पुण्यात रो हाऊस घेणाऱ्याने नळ आणि फरशीबरोबरच छपराचीही चौकशी केली पाहिजे. ग्राहकाने हा चौथा प्रश्न विचारला, तरच बांधकाम व्यावसायिक त्याचे उत्तर देऊ लागेल.