दारावरची पाटी



माझं माहेर जळगावचं, सासर धुळ्याचं. मुलगा पुण्याच्या कंपनीतून दोन वर्षांसाठी जर्मनीत स्टुटगार्टला गेला, म्हणून गेल्या वर्षी आम्ही दोघं त्याच्याकडे राहून आलो. आमच्यासारख्या पाहुण्यांच्या व्हिसावर तिकडे जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. आम्ही ८० राहिलो. मर्सिडीज आणि पोर्शे गाड्यांचं हे शहर नेकार नदीकाठी, टेकड्यांच्या मधल्या खोलगट जागेत वसलंय. उतारांवर द्राक्षमळे आहेत, आणि ते थेट वस्तीला येऊन भिडतात. राजवाडे, संग्रहालयं आम्हीही पाहिली. पण आज मी बोलणार आहे ते आमच्या जिन्याविषयी.

चार मजल्यांची जुनी इमारत, आठ बिऱ्हाडं. झाडायला कोणी बाई येत नव्हती, तरी जिना लख्ख. दुसऱ्या आठवड्यात सोमवारी सकाळी दार उघडलं, तर मुठीला एक छोटी लाकडी पाटी अडकवलेली. मुलाला विचारलं, तर म्हणाला, "आई, केरवोखे. आपली पाळी आली." मला क्षणभर वाटलं, हा मराठीच बोलतोय. 'केर' म्हणजे त्यांच्या भाषेत झाडणं, आणि 'वोखे' म्हणजे आठवडा. झाडण्याचा आठवडा! आपल्या केराला इतक्या लांब हा सोबती भेटला, याचा मला फार आनंद झाला.

ज्याच्या दारावर पाटी, त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा, पुसायचा. आठवडा संपला की पाटी पुढच्या दाराला. या गावाच्या १४९२ च्या कायद्यातच लिहिलं होतं, की दर आठवड्याला ज्याने त्याने आपल्या घरचा उकिरडा गावाबाहेर न्यावा. पुढे झाडण्याची सक्ती पालिकेने १९८८ साली काढून टाकली, तरी भाडेकरारांत आणि लोकांच्या अंगवळणी ती राहिलीच.

मी आपली उकिडवी बसून झाडू लागले. तळमजल्यावरच्या आजी वर आल्या. मला त्यांची भाषा येईना, त्यांना माझी. त्यांनी लांब दांड्याचा ब्रश माझ्या हाती दिला. दारापुढचं पायपुसणं उचलून कठड्यावर टाकलं. मग पायरी आणि भिंत मिळते त्या कोपऱ्यातून बोट फिरवलं, आणि ते बोट मला दाखवलं. करडी रेघ! मी हसले, त्याही हसल्या. वरून खाली यायचं, कोपरा आधी, कठडा शेवटी, एवढं त्यांनी मला एकही शब्द न बोलता शिकवलं.

आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. दुसऱ्या मजल्यावर फडकं पिळता पिळता थांबले आणि म्हणाले, "अगं, हाई ते आपली फडनी पाळी शे!"

साक्री, धुळे भागातल्या जुन्या श्रोत्यांना फड सांगायला नको. नव्यांसाठी सांगते. पांझरा नदीवर छोटे दगडी बंधारे, त्यांतून काढलेले पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे केलेले फड. एका फडात सगळ्यांचं पीक एकच. पाणी शेतकऱ्याने स्वतः घ्यायचं नाही. ते द्यायचं पाटकऱ्याने, ठरलेल्या क्रमाने. पिकाची राखण जागल्याकडे. पाटातला गाळ काढायचा तो सगळ्यांनी मिळून. सरकारी खातं जन्मायच्या आधीपासून, शेकडो वर्षं हे चाललं. मग विहिरी आणि मोटारी आल्या, वरच्या अंगाला धरणं झाली, ज्याचं त्याचं पाणी वेगळं झालं आणि बहुतेक फड मोडले. नोकरीभर यांनी ते डोळ्यांदेखत पाहिलं होतं. म्हणून त्या जिन्यात त्यांचा आवाज भरून आला.

स्टुटगार्टमध्ये सगळंच मनाजोगतं होतं असं नाही. दुकानात एकसारख्या मापाची, चिकटपट्टी लावलेली इक्वेडोरची केळी पाहिली की रावेर-सावद्याच्या बागांची आठवण यायची. भरताला वांगी मिळाली, पण ती ओव्हनमध्ये भाजली. पऱ्हाटीच्या जाळाची चव काही उतरली नाही. रविवारी दुकानं बंद, रस्ते गप्प. ८० दिवसांत न कळवता आमच्या दारात एकही माणूस आलं नाही. धुळ्यात असा एक दिवस जात नाही. तळमजल्यावरच्या आजी संध्याकाळभर खिडकीशी एकट्या बसलेल्या दिसायच्या, तेव्हा जीव तुटायचा.

पण पाटी असली की त्यांचं दार वाजवायला निमित्त असायचं. मी भरीत-भाकरी घेऊन गेले, ते पाटी द्यायच्या निमित्तानेच. मला वाटतं, पाळीचा खरा उपयोग हा आहे. जिना पगारी माणूसही झाडेल, आणि पाणी मोटारही देईल. पण आपल्यानंतर कोण, हे माहीत असणं आणि त्याच्या दारापर्यंत चालत जाणं, हे पाळीच घडवते. ती गेली की जिना राहतो, पाट राहतो, शेजार मात्र जातो.

परत आल्यावर आम्ही दोघं साक्रीकडच्या एका गावी गेलो. यांच्या ओळखीचे एक म्हातारे पाटकरी तिथे आहेत. वय ८० च्या पुढे, नजर अधू. त्यांचा फड मोडून कैक वर्षं झाली. यांनी विचारलं, "बाबा, पाणी कसं फिरे?" बाबांनी डोळे मिटले आणि पाटाच्या वरच्या टोकापासून एकेका शेतकऱ्याचं नाव घेत गेले. प्रत्येक नावाला अंगठा बोटाच्या एका पेरावर टेकायचा. मधेच एकदा अडखळले, दोन नावं मागे गेले आणि पुन्हा धरली. शेवटचं नाव झालं तेव्हा मला वाटलं, संपलं. पण बाबांचा अंगठा पुन्हा पहिल्या पेरावर गेला होता.

"मंग," ते म्हणाले, "पुन्हा पयलं नाव."