दिवा झाकू नका
(ऑन्टारियोतल्या आपल्या कामगार मंडळींच्या रविवारच्या बैठकीत केलेलं भाषण)

मंडळी, आठवडाभर राबून सुट्टीच्या दिवशी आलात, म्हणून वेळ घेत नाही. आज एका पिवळ्या दिव्याबद्दल बोलायचंय.

मी डिप्लोमावाला, साईटवर सुपरवायझर. आधीच्या एका ठिकाणी मालकाकडे मोठा डिझेल पिकअप होता, मागे ट्रेलर जोडून माल न्यायचा. डिझेल वाचावं आणि फिल्टरचा खर्च टळावा म्हणून मालकाने तो ‘डिलीट’ करून आणला. म्हणजे काजळी अडवणारा डीपीएफ काढला, धूर परत इंजिनात फिरवणारा ईजीआर काढला आणि कॉम्प्युटरमध्ये नवा प्रोग्राम टाकला. चार दिवसांत चेक इंजिनचा दिवा लागला. मालक म्हणाला, “डिलीट केलं की लागतोच. वर टेप लाव.”

ट्रक चालवायचा आपला लातूरकडचा एक पोरगा. त्याने मला विचारलं, “भाऊ, चालवू का?” मी म्हणालो, “चालव रे, काय होतंय.” ही माझी चूक. आज तीच सांगायला उभा आहे.

दोन आठवड्यांनी पोरगा म्हणाला, दुपारपर्यंत डोकं ठणकतं, मळमळतं. बाहेर उणे वीस, काचा बंद, हीटर चालू. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. साधा कोड रीडर आणून स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावला. कोड निघाला पी०२९९, म्हणजे टर्बोचा दाब कमी. काढलेल्या फिल्टरचा कोड नव्हताच तो! बॉनेट उघडलं तर टर्बोकडे जाणाऱ्या पाईपच्या जोडावर काळी काजळी. ईजीआर काढताना तो जोड नीट आवळलाच नव्हता. धूर तिथून गळत होता, म्हणून टर्बोला जोर मिळत नव्हता, आणि तोच धूर हीटरच्या हवेबरोबर केबिनमध्ये येत होता. दिवा आणि डोकेदुखी, दोन्हींचं मूळ एकच.

मुद्दा लक्षात घ्या. दिवा एक, पण त्याच्यामागे शेकडो बिघाड असू शकतात. बदल केलेल्या गाडीत प्रत्येक दिवा ‘त्या बदलाचाच’ असं धरून चाललात तर खरा बिघाड त्याच्या आडोशाला लपतो.

म्हणून क्रम सांगतो. लाल दिवा असेल तर सुरक्षित जागी थांबा, इंजिन बंद करा. पिवळा असेल तर आधी कोड वाचा, फोटो काढा, तारीख आणि किलोमीटर लिहा. लगेच कोड पुसू नका, पुसला की पुरावा गेला. मग ज्या भागाला हात लागलाय तिथूनच तपासा : सेन्सरचे प्लग, वायर गरम पाईपला घासते का, होजच्या क्लिपा, पाईपचे जोड. इंजिन थंड असतानाच हात घाला. दुरुस्तीनंतर कोड पुसा. परत आला, तर मेकॅनिककडेच न्या.

आता कायद्याचं. ऑन्टारियोत प्रदूषण रोखणारे भाग काढणंही बेकायदेशीर आणि तशी गाडी चालवणंही. फोक्सवॅगनने गाड्यांमध्ये चाचणीला फसवणारा प्रोग्राम टाकला होता, तेव्हा २०२० मध्ये कॅनडाच्या कोर्टाने १९ कोटी ६५ लाख डॉलरचा दंड ठोकला. डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलंय.

आणि तुमची सही! ४,५०० किलोवरच्या व्यावसायिक ट्रकची रोज पाहणी करून कागद भरावा लागतो. त्या यादीत एक्झॉस्टची गळती हा किरकोळ दोष आहे. पण धूर केबिनमध्ये येत असेल तर तो मोठा दोष, गाडी हलवायचीच नाही. ‘सगळं ठीक’ लिहून सही केलीत तर पकडल्यावर तुम्हालाही विचारतील. मालक तेव्हा शेजारी बसलेला नसतो.

“मालकाला नाही म्हटलं तर परमिट जाईल,” ही भीती मला माहीत आहे, पोरग्याचीही तीच होती. पण ऑन्टारियोच्या सुरक्षा कायद्याचं कलम ४३ धोकादायक काम नाकारायचा हक्क देतं. लगेच सुपरवायझरला सांगा, सुरक्षित जागी थांबा. मालकाने तपास केल्यावरही धोका वाटला तर कामगार मंत्रालयाच्या इन्स्पेक्टरला बोलवता येतं. यावरून कामावरून काढणं किंवा धमकावणं कलम ५० प्रमाणे मना आहे. परमिट एकाच मालकाला बांधलेलं असेल आणि तो छळत असेल, तर २०१९ पासून अशा कामगारांना ओपन वर्क परमिटसाठी अर्ज करता येतो. कागद, फोटो, मेसेज जपून ठेवा, तेच कामी येतात.

आम्ही कागदावर मोठा दोष लिहिला आणि खाली मीही सही केली. मालक चिडला, दोन दिवस बोलला नाही, पण गाडी गॅरेजला गेली. पोरग्याची डोकेदुखी थांबली.

आखातात असा, इथे असा, नियम वेगळे असतील. दिवा मात्र सगळीकडे एकच सांगतो : बघ माझ्याकडे. आणि माझ्यासारखे जे सुपरवायझर इथे बसलेत त्यांना हात जोडून विनंती : पोराने “भाऊ, चालवू का?” विचारलं, तर आधी उठून गाडीपाशी जा. उत्तर नंतर द्या.